घरचं कॉफी भाजणी यंत्र: ढोल, आच आणि गार वारा

कॉफी भाजायची म्हणजे आच हवी, एवढं धरून मी पहिलं यंत्र केलं. ते फसलं. दुसरं केलं, तेही जवळपास तसंच फसलं. दोन्ही वेळा कारण एकच होतं. उष्णता घालायची सोय मी मन लावून केली होती, ती हवी तेव्हा काढून घ्यायची सोय केलीच नव्हती. रवा भाजताना आई कढई उचलून बाजूला धरते, परत ठेवते, परत उचलते. यंत्रात ही उचलाउचल कोण करणार? या प्रश्नाचं उत्तर मिळालं तेव्हा माझ्या कपातली कॉफी सुधारली. खाली जे सांगतो ते तिसऱ्या यंत्राचं. त्यात गेल्या काही हंगामांत केलेले बदलही जागोजागी येतील.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहतो. घरामागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आणि त्याला लागून तीन बाजूंनी उघडी पडवी. यंत्र तिथेच असतं आणि तुमचंही उघड्यावरच असू द्या. बंद स्वयंपाकघरात गॅसच्या ज्योतीवर ढोल फिरवू नका. धूर तर होतोच, शिवाय ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो.

आधी बियांविषयी

आपल्याला कॉफी लांबून आणावी लागत नाही. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते; चिकमगळूर आणि कोडगू आपल्या शेजारचेच. कच्च्या बिया घेताना तीन शब्द कानावर पडतील. ‘प्लांटेशन’ म्हणजे धुऊन सोललेली अरेबिका. ‘चेरी’ म्हणजे अख्खं फळ वाळवून मग सोललेली. ‘पार्चमेंट’ हा शब्द व्यवहारात धुतलेल्या रोबस्टा या दुसऱ्या जातीसाठी चालतो. पुढे एए, ए, बी ही अक्षरं आकारासाठी, आणि पीबी म्हणजे पीबेरी, फळात एकुलती वाढलेली गोल बी. शिकायला प्लांटेशन ए घ्या. बिया एकसारख्या असतात, फोलपट कमी निघतं, रंग नीट कळतो. चेरीला फोलपट भरपूर असतं. ते ढोलात साठलं की धुराचा वास कॉफीला लागतो.

कच्च्या बीत साधारण १० ते १२ टक्के ओलावा असावा. गोव्यात जून ते सप्टेंबर ही मोठीच अडचण. तरटाच्या पोत्यात उघडी ठेवलेली बी पावसाळ्यात ओलावा ओढून फिकी आणि मऊ पडते. मॉन्सून्ड मलबार ही प्रसिद्ध कॉफी पश्चिम किनाऱ्यावर मुद्दाम याच दमट वाऱ्यात ठेवून फुगवलेली असते, पण ते काम देखरेखीखाली होतं. आपल्या माळ्यावर होते ती नुसती नासाडी. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा.

ढोल

माझा पहिला ढोल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा होता. पत्रा इतका पातळ की ज्योत जिथे लागे तिथे तो क्षणात तापे आणि बीच्या टोकांवर काळे ठिपके पडत. दुसरा ढोल भोकांच्या जाळीचा केला. त्यात ज्योतीची जीभ थेट बियांना चाटायची, शिवाय फोलपट खाली बर्नरवर पडून पेट घ्यायचं.

तिसरा ढोल मात्र टिकला. एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलची दीड मिलिमीटर जाडीची शीट, १५० मिलिमीटर व्यास आणि २०० मिलिमीटर लांबी. रेलिंगची कामं करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून रोल करून सांधा वेल्ड करून घेतला. सांधा आतून घासून सपाट करायला सांगा, नाहीतर तिथे बिया आपटून फुटतात. मागची तबकडी ३ मिलिमीटर जाडीची, आणि तिला ३ मिलिमीटरची भोकं, जितकी मावतील तितकी. बर्नरवरची गरम हवा या भोकांतून आत शिरते. बी बाहेर पडत नाही. समोरचं तोंड पूर्ण उघडं. असा ढोल साधारण दीड किलो भरतो. ३०० ग्रॅम कच्च्या बियांना हे वजन बरोबर आहे: एकदम तापत नाही, आणि गॅस कमी केल्यावर फार वेळ हट्टही धरत नाही.

दोन गोष्टींपासून लांब राहा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ज्योतीवर कधीच नको, त्याचा धूर विषारी असतो. नॉनस्टिक भांडंही नको; २६० अंशांच्या वर तो लेप खराब व्हायला लागतो आणि ज्योतीलगतचा पत्रा तिथवर सहज पोचतो.

ढोलाच्या आत चार पाती, प्रत्येकी १८ मिलिमीटर उंच, ४ मिलिमीटरच्या स्टीलच्या बोल्टनी बसवलेली. दोन पाती बिया मागे ढकलतील अशी तिरकी आणि दोन पुढे आणतील अशी. सगळी एकाच बाजूला कललेली असली तर बिया एका टोकाला गोळा होतात, अर्धी भट्टी, म्हणजे एका वेळी भाजलेल्या बिया, कच्ची राहते.

दांडा आणि समोरची प्लेट

ढोल मागच्या एकाच दांड्यावर तोललेला आहे, मोठ्या कारखानदारी यंत्रांत असतो तसा. समोर त्याच्या तोंडाला जवळजवळ टेकून एक स्थिर प्लेट उभी असते. बिया घालणं, काढणं, नमुना बघणं, तापमान मोजणं हे सगळं या न फिरणाऱ्या प्लेटमधून होतं. दोन्ही टोकांना दांडा असलेला ढोल करायला सोपा, पण तो रिकामा करताना जो अर्धा मिनिट जातो त्यात कॉफी एक पायरी पुढे जाऊन बसते.

दांडा मी आधी ८ मिलिमीटरचा घेतला. तो वाकला म्हणण्याइतका वाकला नाही, पण ढोलाचं पुढचं तोंड मिलिमीटरभर खाली झुकलं आणि तापल्यावर प्लेटला कर्रकर्र घासायला लागलं. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्या काकांनी दुरून आवाज ऐकूनच सांगितलं, “दांडो बारीक पडला तुजो.” १२ मिलिमीटरचा घातला, प्रश्न मिटला. त्याला केपी००१ जातीची दोन पेडेस्टल बेअरिंगं लागतात. ती एकमेकांपासून १२० मिलिमीटर अंतरावर, आणि पुढचं बेअरिंग ढोलापासून निदान ६० मिलिमीटर दूर. जवळ ठेवलं तर आतलं ग्रीस वितळून वाहतं.

ढोल आणि प्लेट यांच्यात गार असताना दीड ते दोन मिलिमीटर फट ठेवा. तापल्यावर २०० मिलिमीटरचा स्टीलचा ढोल साधारण पाऊण मिलिमीटर लांबतो, म्हणून याहून कमी ठेवून चालत नाही. जास्त ठेवली तर फुटक्या बिया अडकतात.

प्लेटला पाच भोकं: वर डावीकडे बिया घालायचं नरसाळं, वर मध्यभागी धूर बाहेर नेणारी ५० मिलिमीटरची नळी, खाली उघडझाप होणारी झडप, झडपेच्या थोडं वर नमुना काढायचं भोक, आणि त्याच्या बाजूला तापमानाची सळई. सळईची जागा चुकवू नका. फिरत्या ढोलात बिया तळाशी सपाट बसत नाहीत, फिरण्याच्या दिशेने एका बाजूला चढतात. कोरड्या चाचणीत समोर काच किंवा जाड पारदर्शक प्लॅस्टिक धरून ढोल फिरवा, बियांचा ढीग नक्की कुठे राहतो ते बघा, आणि त्या ढिगाच्या पोटात सळई जाईल तिथे भोक पाडा. मी आधी मधोमध पाडलं होतं. त्या जागी बियांचं तापमान कळत नाही, हवेचं कळतं.

मोटार, आणि १२ व्होल्टचा हट्ट

गाडीच्या वायपरची मोटार या कामाला उत्तम. हळू गतीत मिनिटाला ४५ च्या आसपास, जलद गतीत ६५ च्या आसपास फेरे देते आणि ताकद भरपूर. या व्यासाच्या ढोलात मिनिटाला ११० च्या सुमारास फेरे झाले तर बिया भिंतीला चिकटूनच फिरतील. त्याच्या निम्म्याच्या जवळपास त्या वर चढून छान कोसळतात. मी ५५ वर चालवतो. भंगारवाल्याकडे मोटार मिळते, फक्त घेण्याआधी बॅटरीला लावून बघा. तिच्या शाफ्टला उतार आणि दाते असतात, त्यामुळे दांड्याशी जोडायचा तुकडा लेथवरच करून घ्यावा लागतो.

सगळं यंत्र १२ व्होल्टवर ठेवा असं मी आग्रहाने सांगतो, आणि त्यामागे एक फसलेली भट्टी आहे. जूनमधली संध्याकाळ, पावसाची पहिली मोठी सर. भट्टी आठव्या मिनिटाला, बिया तपकिरी झालेल्या, बिया फुटण्याची तडतड सुरू व्हायला काही सेकंद बाकी. लाईट गेली. ढोल थांबला. गॅस लगेच बंद केला, पण तापलेला स्टील गॅस बंद केल्याने थंड होत नाही. अंधारात पक्कड शोधून दांडा हाताने फिरवायला लागलो, तोवर तळाच्या बिया काळ्या झाल्या होत्या. वर घेतल्या तेव्हा एका बीला दोन रंग होते: एक पोट कोळशासारखं, दुसरं सुंदर तांबूस.

त्यानंतर ७ अँपिअर-अवरची यूपीएसमध्ये असते तशी बॅटरी मोटारीला जोडली. मोटार दोन-तीन अँपिअर घेते, त्यामुळे लाईट नसली तरी तासभर सहज चालते. दुसरा फायदा असा की तापलेल्या लोखंडी सांगाड्याजवळ २३० व्होल्टची एकही वायर येत नाही.

इथे एक बारीक खोच आहे. बऱ्याच वायपर मोटारींचं धातूचं अंगच ऋण टोकाला जोडलेलं असतं. म्हणजे तुमचा अख्खा सांगाडा, दांडा आणि ढोलही. तापमापी सळईचं टोक तिच्या स्टीलच्या आवरणाला आतून जोडलेलं असेल तर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. के-टाइपची (दोन धातूंच्या तारांनी तापमान मोजणारी) ‘अनग्राउंडेड’, म्हणजे टोक आवरणाला न जोडलेली, सळई मागा, ३ मिलिमीटर जाडीची. ६ मिलिमीटरची सळई घेऊ नका, ती अर्धा मिनिट मागे राहते. मापनासाठी मॅक्स६६७५ चं छोटं बोर्ड पाव अंशापर्यंत दाखवतं. सळईच्या वायरी मोटारीच्या वायरींपासून दूर न्या. उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आपल्या किनारपट्टीवर आकडा १०० च्या आसपास यायलाच हवा.

आच

एका शेगडीचा बर्नर पुरतो. ढोलाच्या तळापासून ज्योतीचं टोक ३० मिलिमीटर खाली राहील असा बसवा. दोन्ही बाजूंना साध्या पत्र्याच्या भिंती, खाली हवेला भरपूर जागा. आमच्याकडे कोणी चिऱ्यांचं कोंडाळं करायला सुचवलं होतं. चिऱ्यात पाणी मुरलेलं असतं, ज्योतीलगत तो तडकू शकतो, म्हणून मी टाळलं. गॅसची नळी आयएसआय चिन्हाची, पाच वर्षांनी बदलायची, आणि जोड साबणाच्या फेसाने तपासायचा.

शेगडीची कळ भाजणीला फार ढोबळ पडते. कळीमागे पत्र्याची अर्धगोल पट्टी लावून तिच्यावर १ ते १० खुणा कोरल्या आणि कळीला लोखंडी काटा बसवला. एवढ्याने कालची भट्टी आज परत करता येते. माझ्या मते या यंत्रातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा बदल हाच.

वारा

आता उष्णता काढून घेण्याचं काम. वरच्या नळीतून धूर आणि फोलपट एका उभ्या स्टीलच्या डब्यात कडेने शिरतात, गोल फिरतात. फोलपट तळाशी बसतं आणि हवा मधल्या नळीतून १२ व्होल्टच्या ब्लोअरकडे जाते. ब्लोअर डब्याच्या पलीकडेच हवा, नाहीतर फोलपट त्याच्या पात्यात अडकतं. नळीत एक फिरती झडप आहे. तीच माझी उचललेली कढई. झडप उघडली की गरम हवा ओढली जाते, बियांवरची आच हलकी होते.

किती उघडायची? उदबत्ती पेटवून नमुन्याच्या भोकासमोर धरा. धूर हळूच आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर वारा कमी, आणि झपकन सरळ रेषेत आत जात असेल तर जास्त. दमट दिवसात, थंड सकाळी, दर वेळी मी उदबत्तीनेच बघतो.

थंड करायच्या चाळणीकडे बरेच जण शेवटी वळतात, मी ढोलाआधी करायला सांगेन. २२ सेंटिमीटरची स्टीलची चाळण, तिच्याखाली हवाबंद बसवलेली बादली, बादलीच्या बाजूला जुन्या गाडीच्या एसीचा ब्लोअर, हवा खाली ओढणारा. हा ब्लोअर खूप वीज खातो, त्यामुळे त्याला वेगळा २० अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज १२ व्होल्टची करणारा डबा) द्या आणि तो पडवीच्या भिंतीवर, यंत्रापासून दूर टांगा. बियांनी चाळणीचा तळ पूर्ण झाकला पाहिजे. उघडी जागा राहिली तर हवा तिथूनच निघून जाते. चार मिनिटांत बी हातात धरता आली पाहिजे. नुसत्या सुपात पाखडल्याने गोव्याच्या मे महिन्यात बियांचं पोट आतल्या आत भाजत राहतं. कपात ते चपट्या, पावासारख्या चवीने कळतं.

पहिली भट्टी

नवा ढोल साबणाने धुऊन अर्धा तास रिकामा तापवा, मग जुन्या टाकाऊ बियांच्या दोन भट्ट्या काढून फेकून द्या. ढोलाला आतून तपकिरी हात बसतो. घासून काढू नका.

आता खरी भट्टी. माझ्या वहीतल्या एका पानावरून सांगतो, प्लांटेशन ए, ३०० ग्रॅम. ढोल १९० अंशांवर तापवला, बिया ओतल्या. आकडा धाडकन खाली येतो. १ मिनिट २० सेकंदांना ९५ वर थांबून परत चढायला लागला. गॅस ७ वर, झडप जवळजवळ बंद. चौथ्या मिनिटाला ओल्या गवताचा वास, पाचव्याला बिया पिवळ्या, आकडा १५२. इथे झडप अर्धी उघडली. सहाव्या-सातव्या मिनिटाला वास बदलतो, पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीजवळून जाताना येतो तसा. गॅस ५ वर आणला. आठव्या मिनिटाला ४ वर, झडप पूर्ण उघडी. ८ मिनिटं ५० सेकंदांना १९८ वर पहिली तडतड, चुलीत वाळका पाला टाकल्यावर होते तशी. १० मिनिटं २० सेकंदांना २०९ वर प्लेटची खालची झडप उघडून बिया चाळणीवर. भाजून वजन भरलं २५७ ग्रॅम, म्हणजे १४ टक्क्यांच्या थोडं वर घट.

आकड्याचा वेग बघा: पिवळं होईपर्यंत मिनिटाला १५-१६ अंश, तडतडीपर्यंत १२, पुढे ७. तो सतत उतरता हवा. बिया तडतडीच्या सुमारास स्वतःही उष्णता सोडतात, म्हणून गॅस तडतड ऐकल्यावर कमी करून उपयोग नाही, मिनिटभर आधीच कमी करावा लागतो. उशीर झाला तर आकडा उधळतो आणि मग वाराच तेवढा हाताशी राहतो. माझे अंश जसेच्या तसे घेऊ नका. तुमची सळई तिच्या जागेप्रमाणे वेगळं दाखवेल. तुमच्या यंत्रात तडतड कोणत्या आकड्याला होते ते तीन भट्ट्यांत लिहून ठेवा आणि पुढचं सगळं त्यावरून मोजा.

काळी भाजणी आवडत असली तरी सुरुवातीला दुसऱ्या तडतडीच्या (पहिली थांबल्यावर पुन्हा होते ती) पुढे जाऊ नका. बीवर तेल येतं, ते आणि साठलेलं फोलपट मिळून पेट घेऊ शकतात. पेटलंच तर गॅस बंद, वारा बंद, ढोल फिरता ठेवायचा आणि प्लेटची खालची झडप उघडायची नाही. आत हवा गेली की भडका वाढतो. पावडरचं अग्निशामक हाताच्या अंतरावर असू द्या. आणि प्रत्येक भट्टीनंतर फोलपटाचा डबा रिकामा करा, तो पूर्ण गार झाल्यावरच. माझं फोलपट कुळागरात माडांच्या मुळाशी जातं.

बदल करताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. ढोलाचा वेग आणि झडप दोन्ही एकाच दिवशी बदललं की कप सुधारला तरी कशाने ते कळत नाही. बीची टोकं जळत असतील तर सुरुवातीचं तापमान १० अंशांनी खाली आणा. सपाट बाजूवर डाग असतील तर ढोल थोडा जलद फिरवा. बाहेर तपकिरी आणि दातांनी फोडल्यावर आत फिकी असेल तर घाई झाली आहे, पिवळेपणापर्यंतचा वेळ मिनिटभर वाढवा. मॉन्सून्ड मलबारची बी हलकी आणि सच्छिद्र, तिला १९० ऐवजी १७० वर घातलेलं मानवतं.

किनाऱ्याजवळच्यांनी खाऱ्या हवेचा विचार करावा. साध्या लोखंडी सांगाड्याला उष्णतारोधक रंग द्या आणि बेअरिंगवर महिन्याला तेलाचा थेंब टाका. पावसाळ्यात मी बॅटरी आणि मापनाचं बोर्ड काढून घरात तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवतो, यंत्रावर ताडपत्री.

भाजलेल्या बिया त्याच दिवशी दळू नका, आतला कार्बन डायऑक्साइड निघायला तीन-चार दिवस लागतात. डब्याचं झाकण पहिला दिवस किंचित सैल, मग घट्ट. जुलै-ऑगस्टमध्ये मी ३०० ग्रॅमची भट्टी चार लहान बाटल्यांत भरतो आणि एका वेळी एकच उघडतो. मोठी बरणी रोज उघडली की आठवड्यात बी दाताखाली कुरकुरायची थांबते.